महोत्सवाच्या ऑफिसात ट्रेनिंगला लागलेय पण नुसते फोनच लावायलेय, जागा बदलून घेऊ का?

दुधनाकाठची
नमस्कार मंडळी, मी सेलूकडची, सध्या संभाजीनगरला नाट्यशास्त्रात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष. नवीन शैक्षणिक धोरणामुळं आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. मी हट्टानं एका कला महोत्सवाचं ऑफिस निवडलं (नाव लिहीत नाही). शास्त्रीय, लोककला, एकांकिका असा तीन दिवसांचा कार्यक्रम आहे. वाटलं लाइट, साउंड, नेपथ्य जवळून बघायला मिळेल. ४१ तास झाले आणि मी अजून स्टेज बघितलेलं नाही. दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथं मला एक एक्सेल शीट दिलीय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कलावंतांना फोन लावायचे, आधार, पॅन, बँक पासबुकचा फोटो मागायचा आणि शीटमध्ये भरायचं. लोककलावाल्यांचे फोन तर लागतच नाहीत, लागला तर पोरगं उचलतं आणि म्हणतं बाबा रानात गेलेत. तिघांनी तर मला फ्रॉडवाली समजून फोन ठेवून दिला, एक आजी म्हणाल्या "बाई, लाज नाही का वाटत गरिबाला लुटायला". त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वर्गातली एक मैत्रीण एका नाटक ग्रुपमध्ये ट्रेनिंग करतेय, ती रोज तालमीचे फोटो टाकते. सर म्हणतात अजून आठवडाभरात जागा बदलता येईल, पण तास पहिल्यापासून मोजणार. काय करू? खरंच विचारायलेय, मन लागत नाहीये.

लातुरी_डाळ
बदल. शेवटी रिपोर्ट लिहायचाय आणि व्हायवा द्यायचाय. त्यात काय सांगणार, मी पासबुकाचे फोटो गोळा केले?

उस्मानपुऱ्याचा_कट्टा
थांब ताई, घाई करू नको. मी सतरा-अठरा वर्षं बॅकस्टेजला आहे, एकनाथ रंगमंदिर, तापडिया, सोनेरी महालाचं उघडं स्टेज, सगळीकडं केबल ओढल्यात. स्टेजवर जे दिसतं ते शेवटचे दोन तास असतात. त्याच्या आधीचे तीन महिने ऑफिसात असतात आणि ते आम्हा बॅकस्टेजवाल्यांनासुद्धा कोणी शिकवलेलं नाही, ठेचा खात खात कळलं.

तू फक्त फोनच्या खुर्चीवर बसलीस म्हणून तुला फोन दिसतायत. शेजारच्या टेबलावर बघ काय चाललंय. पोलिसांची परवानगी, अग्निशमनची एनओसी, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद. १२ पर्यंतची सवलत वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस आणि तीसुद्धा सरकारनं ठरवलेल्या दिवशी. आता सांग, शास्त्रीय गायकाची बैठक साडेनवाला रंगायला लागली तर रनिंग ऑर्डर, म्हणजे कोणाचं कधी आणि किती वेळ, ते लावणाऱ्यानं काय करायचं? हे सगळं कागदावर आधी ठरतं. ते शिकून घे, ते पुस्तकात नाही.

मांजरा_तीर
कट्टेकर दादांचं पटतंय पण एक सांगा, तिला काही मानधन आहे का? का सगळं फुकट? मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार मिळतात, तिथं अर्ज कर ना.

परभणीचा_मास्तर
@मांजरा_तीर ती योजना शिकणाऱ्यांसाठी नाही. शिक्षण चालू असलेल्यांना त्यात घेत नाहीत. बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीला १० हजार हे बरोबर, पण ते शिक्षण संपवून बसलेल्या पोरांसाठी. हिचं क्रेडिटचं ट्रेनिंग आहे, दोन्ही वेगळं.

दुधनाकाठची
मानधन नाही. दुपारचा चहा-पोहे आहेत. मी हॉस्टेलवरून शेअर ऑटोनं जाते, जाऊन-येऊन ६० रुपये जातात.

मांजरा_तीर
म्हणजे साठ रुपये रोज तुझ्या खिशातून आणि काम त्यांचं. मला हे बिलकुल पटत नाही. सेलूवरून पोरगी आलीय, बापानं कापूस विकून फी भरली असेल. किमान ऑटोचे पैसे तरी मागून घे, लाजू नको. लेखी माग.

गंगाखेडची_मावशी
मला वेगळीच काळजी. महोत्सवाच्या तीन दिवसांत रात्रीचे अकरा-बारा वाजणार. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं? परत कोण सोडणार? आमची भाची अशीच एका कार्यक्रमात स्वयंसेवक होती. रात्री साडेअकराला सगळे आपापल्या गाड्यांनी निघून गेले आणि ही गेटवर एकटी. मग तिथल्या सतरंज्या उचलणाऱ्या काकांनी स्वतःच्या घरच्यांना बोलावून घेतलं आणि तिला सोडलं. आजसुद्धा आठवलं की पोटात गोळा येतो. बाळा, गाडीची सोय आणि हॉस्टेलला द्यायचं पत्र, दोन्ही आत्ताच मागून ठेव. त्या दिवशी कोणाला वेळ नसतो.

लातुरी_डाळ
मावशी बरोबर बोलल्या. हे आधी.

जुना_औरंगाबादकर
महोत्सव म्हटलं की मला वेरूळच आठवतं. आम्ही तरुण होतो तेव्हा वेरूळ महोत्सव कैलास लेण्यापाशीच व्हायचा. मागं काळा खडक, त्यावर प्रकाश सोडलेला आणि समोर नर्तकी. थंडी अशी पडायची की घोंगडी घेऊन जायचो. पुढं तो सोनेरी महालाला आला आणि मधे बंदच पडला. २०२३ च्या फेब्रुवारीत सात वर्षांच्या खंडानंतर परत झाला तेव्हा नातवाला घेऊन गेलो होतो. त्याला मी सांगितलं, अरे तो बघ देवगिरी, तिथं यादवांच्या दरबारी शारंगदेवानं संगीत रत्नाकर लिहिला, तेराव्या शतकात. सगळा हिंदुस्थान ज्या ग्रंथावर गाणं शिकला तो आपल्या दौलताबादेत लिहिला गेलाय. पोरीनं अशा गावात महोत्सवाचं काम धरलंय याचंच मला कौतुक वाटलं. विषय भरकटला, माफ करा.

मोंढ्यावरचा
आजोबा भरकटा हो, छान वाटतंय. आमच्या नांदेडकडं माळेगावची यात्रा घ्या, खंडोबाची. घोडे-गाढवांचा बाजार एकीकडं आणि लावणी महोत्सव दुसरीकडं, जिल्हा परिषद भरवते. तिथं पब्लिक पायरीवर बसत नाही, बैलगाडीवर बसून बघतं 😀

संबळ_दिवटी
मी इथं फारसं लिहीत नाही, वाचत असतो. पण ताईची पोस्ट दोनदा वाचली, आज लिहितो. लांब होईल.

आम्ही गोंधळी, त्यातले रेणुराई शाखेचे. बापू माझे वडील. माहूरच्या रेणुकेचा आणि तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालतात, आता ६३ वय आहे. ते फोनवरचं पोरगं, बाबा रानात गेलेत म्हणणारं, ते मी आहे असं समजा ताई. कारण बापूंचा फोन माझ्याकडंच असतो, त्यांना बटणं दिसत नाहीत. तुमच्यासारखे फोन आम्हाला वर्षातून चार-पाच येतात. मॅडम म्हणतात पॅन पाठवा, कॅन्सल चेक पाठवा. आमच्याकडं चेकबुक कुठलं? तालुक्याच्या बँकेत जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, मजुरी बुडते. तरीबी जातो.

काही वर्षांखाली एका मोठ्या कार्यक्रमात बापूंचा गोंधळ झाला. नाव नाही घेत. टाळ्या लई पडल्या, शाल दिली, नारळ दिला, पाहुण्यांसोबत फोटो काढला. मानधन खात्यावर येईल म्हणले. आठ महिने आलं नाही. मी फोन केले तर म्हणले ज्यांच्याकडं यादी होती ते सोडून गेले. शेवटी कळलं की खात्याच्या नंबरात एक आकडा चुकला होता, पैसे परत गेले होते आणि कोणी बघितलंच नव्हतं. एक आकडा, ताई. तेवढ्यात आमचा तुणतुण्यावाला पार्टी सोडून ऊसतोडीला गेला, कारण त्याला बापूंनी काय द्यायचं? तो परत आलाच नाही. त्याचं गाणं बापूंच्या गाण्याखाली असं बसायचं की काय सांगू.

अजून एक. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छापतात, बापूंचं नाव 'आणि पार्टी'. शास्त्रीयवाल्याच्या पानावर तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, तानपुऱ्याला बसलेल्या शिष्येचं सुद्धा नाव असतं, ते असावंच. पण संबळ वाजवणाऱ्याचं नाव नसतं. दिवटी, म्हणजे पेटती मशाल, ती धरणारा चुलता चाळीस वर्षं धरतोय, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आमच्यात चार जण मिळून गोंधळ होतो, एकट्या नाईकाचा, म्हणजे पार्टीच्या म्होरक्याचा, होत नसतो.

तुम्ही म्हणता तुम्हाला स्टेज दिसलं नाही. आमचं स्टेज तुमच्या त्या शीटमधीच आहे. बसा तिथंच, पाया पडतो.

दुधनाकाठची
दादा...
आज ऑफिसला गेल्यावर आधी सगळे खाते नंबर परत पासबुकाशी ताडून बघते.

उस्मानपुऱ्याचा_कट्टा
संबळवाले, मला तुमच्याकडून शिकायचंय, एवढी वर्षं डोक्यात असलेलं विचारतो. आमच्याकडं साउंडचा जो कागद कलावंतांकडून भरून घेतात त्यात किती माइक, किती मॉनिटर (कलावंताला स्वतःचा आवाज ऐकू येणारे स्पीकर) एवढंच असतं आणि तो बसून गाणाऱ्यासाठी केलेला आहे. गोंधळी तर फिरतो, वळतो, देवीपुढं झुकतो. स्टॅण्डचा माइक ठेवला की निम्मा आवाज जातो. संबळाला किती लावायचे?

संबळ_दिवटी
संबळ कमरेला बांधतात आणि त्याचे दोन भाग, एक ढाल्या आवाजाचा आणि एक चढा. दोन्हीला वेगळा माइक पाहिजे, एकच मधे लावला तर चढाच ऐकू येतो. नाईकाला कपड्याला लावायचा बिनतारी द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौक मांडायला वेळ आणि जागा. पाटावर नवं कापड, त्यावर धान्य, कलश, विड्याची पानं, नारळ, वरती ज्वारीच्या पाच धाटांचं मखर. हे पब्लिकला शोभेचं वाटतं, आम्हाला ती देवी आहे. बऱ्याच ठिकाणी म्हणतात पाच मिनिटांत उरका, पडदा उघडायचाय. बापू घाईघाईत कलश मांडताना मी बघितलेत, हात थरथरत होते.

आणि दिवटी. दिवटी पेटवू देत नाहीत, म्हणतात कार्पेट जळेल, बॅटरीची मशाल धरा. दिवटीबिगर गोंधळ कसा होईल?

उस्मानपुऱ्याचा_कट्टा
पेटवता येते हो. आम्ही केलंय. अग्निशमनला अर्ज करताना आधीच लिहून द्यायचं की उघडी ज्योत आहे, इतका वेळ, इतक्या जागेत. खाली पत्रा, कडेला वाळूच्या दोन बादल्या, विंगेत एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा, पडदे बांधून मागं घेतलेले. ऐनवेळी विचारलं की कोणताही अधिकारी नाहीच म्हणणार, त्याची पण चूक नाही. ताई, तुझ्या शीटमध्ये एक रकाना वाढव, 'आग / ज्योत आहे का'. आत्ताच.

हिशेबी_माणूस
पैशाचं मी सांगतो, लातूरला टॅक्सचंच काम करतो. आयोजक चार जणांचं मानधन एका नाईकाच्या खात्यावर टाकतात, त्यांना एकच एन्ट्री सोपी जाते. पण त्यामुळं कागदावर सगळं उत्पन्न त्या एकट्याचं दिसतं. मानधन व्यावसायिक फी म्हणून धरलं तर एप्रिल २०२५ पासून एका आयोजकाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेल्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आधी कर, कापतात आणि पॅन नसेल तर २०. तेच चौघांना आपापल्या खात्यावर वाटून दिलं तर बहुतेक वेळा कोणीच त्या मर्यादेच्या वर जात नाही आणि ज्याचं त्याला मिळतं. ज्यांचं आधी कापलंय त्यांनी आयोजकाकडून कर कापल्याचं प्रमाणपत्र (फॉर्म १६ए) मागून रिटर्न भरा, कर लागत नसेल तर पैसे परत मिळतात. गावाकडचे किती कलावंत ते भरतच नाहीत, त्यांचे पैसे तिकडंच पडून राहतात.

आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं असेल तर आत्ताच सांगा, कार्यक्रम झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

परभणीचा_मास्तर
यात एक गोष्ट जोडतो कारण आमच्या गल्लीतल्या एका वाघ्याचा अर्ज मी स्वतः भरलाय. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकारची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं, महिन्याला ५ हजार. वय ५० पूर्ण लागतं आणि कलेच्या क्षेत्रात १५ वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. पुरावे म्हणजे काय, तर कार्यक्रमाची पत्रं, प्रमाणपत्रं, पुस्तिका, कात्रणं. आमच्या वाघ्याकडं शाली होत्या अकरा. पेटी उघडून त्यानं एकेक माझ्यासमोर मांडली, कोणत्या गावात मिळाली ते सांगत. पण शालीवर ना नाव ना तारीख. माझ्या हातात कागद फक्त दोन आले आणि त्यातल्या एकावर 'व सहकारी' असं होतं.

म्हणून @दुधनाकाठची, तुझ्या महोत्सवानं पार्टीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाचं, तारीख घातलेलं, सही-शिक्क्याचं पत्र द्यावं. छपाईला किती लागतात? शालीच्या निम्मे पण नाही.

मांजरा_तीर
वाचून मन भरून आलं, तरी माझं म्हणणं मी सोडणार नाही. काम इतकं महत्त्वाचं आहे ना? मग त्याचे पैसे द्या की. एका पोरीच्या फुकटच्या १२० तासांवर ५० कलावंतांचा हिशेब टाकायचा, ती गेली की यादी गेली, मग संबळवाल्या दादांच्या बापूंसारखं परत आठ महिने. त्या ठिकाणी पण बहुतेक अशीच एखादी शिकाऊ असणार जी 'सोडून गेली'. चूक तिची नव्हतीच.

संबळ_दिवटी
हे मी कधी असं धरलंच नव्हतं. आम्ही लई दिवस त्या मॅडमला बोल लावत होतो घरी. तुमचं खरंय.

गंगाखेडची_मावशी
आणि बाळा फ्रॉडचं मनाला लावून घेऊ नको. आमच्याकडं दर दोन दिवसाला एकाचे पैसे जातात, माणसं घाबरलेली आहेत. त्या आजींनी बरोबरच केलं. तू स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतेस ना? आधी ऑफिसच्या लेटरहेडवरचं पत्र त्यांच्या व्हॉट्सॲपला किंवा सरपंचाकडं जाऊ दे, मग फोन कर. आणि पहिलं वाक्य सांग, मला ओटीपी नकोय, कधीच मागणार नाही.

मोंढ्यावरचा
आणि फोन रात्री ८ नंतर लावा हो. दिवसा तूर काढायला गेलेला माणूस फोन कसा उचलणार 🙏

लातुरी_डाळ
मी पहिल्याच प्रतिसादात 'बदल' म्हटलं होतं. मागं घेतो. पण व्हायवाचा प्रश्न राहतोच ना, परीक्षकाला दाखवणार काय?

परभणीचा_मास्तर
हाच धागा दाखवू दे की. नाही, खरं सांगतो, तिनं एक पानाचा लोककलेसाठीचा माहिती-फॉर्म तयार केला, त्यात ज्योत, चौक, फिरता माइक, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं खातं असे रकाने केले आणि तो या महोत्सवात वापरून बघितला, तर नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला रिपोर्ट कोणता? मी परीक्षक असतो तर पूर्ण मार्क दिले असते.

दुधनाकाठची
सहा दिवसांनी लिहायलेय, उशीर झाला. सगळ्यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले.

जागा बदलली नाही. ७८ तास झाले.

खाते नंबर ताडले. तीन चुका निघाल्या, त्यातल्या दोन माझ्याच हातच्या होत्या, १ चा ७ वाचला होता. बसल्या जागी अंगावर काटा आला. एकाचं आधारवर आडनाव आहे आणि पासबुकावर नुसतं 'नाव + वडिलांचं नाव', त्यांना बँकेतून पत्र आणायला सांगितलंय.

ऑफिसच्या मॅडमशी बोलले. ऑटोचे पैसे द्यायला लगेच हो म्हणाल्या, मागचे पण दिले. मी मागितलेच नव्हते म्हणून त्यांना माहीत नव्हतं म्हणाल्या. रात्रीच्या गाडीचं आणि हॉस्टेलच्या पत्राचं लेखी घेतलं मावशी. यादी आता माझ्या लॅपटॉपवर नाही, ऑफिसच्या मेलवर आहे आणि एक प्रिंट फाइलला लावलीय, म्हणजे मी गेले तरी राहील. मांजराकाठच्या ताई-दादा, मानधनाचं पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये टाकायचा प्रस्ताव मलाच लिहायला सांगितलाय. लिहितेय. पत्रं सगळ्यांना द्यायची ठरली, पुस्तिका मात्र अजून अडलीय, डिझायनर म्हणतो जागा नाही. त्याच्याशी भांडण चालू आहे, फॉन्ट बारीक कर पण नावं घे म्हणून.

आणि काल रात्री साडेआठला आमच्या यादीतल्या गोंधळी पार्टीच्या नाईकांना फोन लावला. म्हटलं काका, तुमच्यासोबतच्या तिघांची पूर्ण नावं सांगा, छापायचीत. ते काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, थांबा, ते इथंच बसलेत, त्यांच्याच तोंडून घ्या. आणि फोन एकेकाच्या हातात दिला. संबळवाल्यांनी नाव सांगितलं, तुणतुण्यावाल्यांनी सांगितलं. दिवटी धरणारे आजोबा होते, त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं सांगितलं, शाळेत हजेरीला सांगतात तसं, आणि मग विचारलं, "लिहिलं का? वाचून दाखव बरं". मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत एकदा वाच.

जुना_औरंगाबादकर
पोरी, कार्यक्रमाची तारीख मला कळव. येतो.

उस्मानपुऱ्याचा_कट्टा
दिवटीचं काय झालं?

दुधनाकाठची
अर्ज गेलाय दादा, तुम्ही सांगितलं तसाच, पत्रा, वाळू, माणूस सगळं लिहून. विंगेत एक्स्टिंग्विशर घेऊन मीच उभी राहणार आहे, उद्या चालवायला शिकवणार आहेत.

संबळ_दिवटी
बापूंना हे सगळं वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणले, त्या लेकीला विचार, चौक मांडायला वेळ किती ठेवलाय.

दुधनाकाठची
वीस मिनिटं. त्यांच्या आधी एकांकिकेचं बक्षीस वाटप पडद्याबाहेर ठेवलंय, तेवढ्यात आत निवांत मांडून होईल. रनिंग ऑर्डरमध्ये लिहिलंय.